लहान मोटारीचे टायर आणि चालकांचा अनुभव

मोटारगाडी रस्त्याला नेमकी किती जागेवर टेकलेली असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. यंत्र किती बळाचें, बैठका किती मऊ, एका लिटरांत गाडी किती धांवते, याची चौकशी घेणारा पहिल्याच दिवशीं करतो. चाकांकडे मात्र त्याची दृष्टि पहिलें पंक्चर होईपर्यंत वळत नाहीं. वस्तुतः हिशेब अगदीं शाळकरी आहे. बसलेल्या माणसांसह आठशें किलो भरणारी लहान गाडी घेतली, तर प्रत्येक चाकावर सुमारें दोनशें किलो भार येतो. टायरांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो धरला, तर तो भार पेलण्यास शंभर चौरस सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद असा एक चौकोन. बोटें सोडून माणसाचा नुसता तळहात जेवढी जागा व्यापील, जवळजवळ तेवढीच ही. अशा चार तळहातांवर गाडी उभी असते, चार तळहातांवर ती वळते, आणि समोर अचानक एखादें लेकरूं आलें तर थांबते तीहि त्याच चार तळहातांच्या भरंवशावर.

तेव्हां हे चार तळहात कोणत्या प्रतीचे असावेत, याविषयीं चालकांचें एकमत असेल असें वाटणें साहजिक आहे. परंतु दोन मोटारवाले एकत्र बसले कीं नेमका येथेंच वाद सुरू होतो. एक म्हणतो, अमुक टायरवर माझी गाडी पन्नास हजार किलोमीटर सुखानें चालली. दुसरा म्हणतो, तोच टायर माझ्या गाडीवर वीस हजारांत गुळगुळीत झाला. दोघेहि खरें बोलत असतात. मग चूक कोठें होते? ती अनुभवांत नसते, तर अनुभव वाचण्यांत असते. रबरी टायरचा पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें, कीं या वस्तूची प्रगति जितकी नव्या कल्पनांनीं झाली, तितकीच लोकांचे अनुभव नीट तोलून पाहिल्यानें झाली. आणि जेथें ते तोलले गेले नाहींत, तेथें प्रगति तरी अडली किंवा माणसांचे जीव तरी गेले.

आपल्या बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोहार तापवून जी लोखंडी पट्टी चढवितो, तिला धांव म्हणतात. चाक झिजूं नये व फुटूं नये एवढेंच तिचें काम. तिनें चाकाचें रक्षण होई, पण गाडींतील माणसाचें होत नसे. खड्ड्याचा प्रत्येक दणका त्याच्या पाठीला पोंचे. हा दणका हवेच्या उशीनें झेलावा ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, तो रॉबर्ट विल्यम टॉम्सन हा स्कॉटलंडमधील तरुण त्या वेळीं अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याच्या आधीं कांहीं वर्षें, म्हणजे १८३९ सालीं, अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली होती. टॉम्सननें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. रबर लावलेल्या कापडाची नळी आंत आणि चामड्याचें वेष्टण बाहेर, अशी त्याची रचना होती. लंडनच्या रीजंट पार्कमध्यें १८४७ सालीं घोडागाड्यांना हीं चाकें लावून त्यानें प्रयोग केले, गाडी ओढण्यास लागणारें बळ लोखंडी धांवेच्या चाकांशीं ताडून पाहिलें, आणि आपल्या चाकांना तें कमी लागतें असें दाखवून दिलें. अशा चाकांचा एक संच तर बाराशें मैल चालला.

इतका अनुकूल अनुभव असूनहि ही युक्ति रुजली नाहीं. चाकें महाग पडत, तीं चढविण्यास खटाटोप फार, आणि घोड्याच्या संथ गतींत श्रीमंताला पोलादी कमानींनीं मिळणारें सुख पुरेसें होतें. गरज नसलेल्या ठिकाणीं आलेला चांगला अनुभव लोक विसरून जातात. टॉम्सन स्वतःहि पुढें भरीव रबराकडे वळला आणि १८७३ सालीं वारला.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं आयर्लंडमधील बेलफास्ट शहरांत जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या जनावरांच्या डॉक्टरानें तीच कल्पना पुन्हां शोधून काढली. टॉम्सनचें नांवहि त्याच्या कानांवर आलेलें नव्हतें. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरशीवर फार आदळे. डनलॉपनें एका लांकडी तबकडीवर रबराची नळी बसवून तींत हवा भरली, आणि अंगणांत आधीं सायकलचें भरीव धांवेचें चाक व मग हें नवें चाक घरंगळत सोडलें. पहिलें थोड्या अंतरावर आडवें पडलें. दुसरें अंगण ओलांडून फाटकावर आपटलें आणि उलट फिरलें. प्रयोग साधा होता, पण त्यांत एक शहाणपण होतें. अंगण तेंच, हात तोच, वेळ तीच; फरक फक्त चाकाचा. पुढें टायरांच्या तुलनेंत ज्या चुका झाल्या, त्यांपैकीं बहुतेक हें अंगणांतलें शहाणपण सोडल्यामुळें झाल्या.

डनलॉपला १८८८ सालीं पेटंट मिळालें. पुढल्याच वर्षीं बेलफास्टमधील शर्यतींत विली ह्यूम या सायकलस्वारानें हे जाड, बेढब दिसणारे टायर वापरून विजय मिळविले, आणि चेष्टा करणारांचीं तोंडें बंद झालीं. परंतु १८९० सालीं टॉम्सनचें जुनें पेटंट उजेडांत आलें व डनलॉपचा हक्क रद्द ठरला. त्याच्या नांवानें जगभर कारखाने निघाले. त्याच्या स्वतःच्या पदरांत मात्र त्या मानानें थोडेंच पडलें.

सायकलवर जें साधलें तें मोटारीवर साधेल काय, याचा निकाल १८९५ च्या जून महिन्यांत पॅरिसहून बोर्डोला जाऊन परत येण्याच्या शर्यतींत लागावयाचा होता. हें अंतर जवळजवळ बाराशें किलोमीटर. एमिल लव्हासॉर यानें भरीव रबराच्या चाकांवर तें ४८ तास ४८ मिनिटांत तोडलें. आंद्रे व एदुआर मिशेलें या बंधूंनीं मात्र आपली गाडी हवेच्या टायरांवर घातली होती. वाटेंत त्यांचे टायर वारंवार फुटले, दुरुस्तीला वेळ गेला, आणि ठरलेली मुदत संपून गेल्यावर ते कसेबसे पॅरिसला पोंचले. आंकडे पाहणारानें म्हणावें, कीं हवेचा टायर मोटारीच्या कामाचा नाहीं. मिशेलें बंधूंनीं त्याच अनुभवाचा अर्थ निराळा लावला. टायर फुटतो ही गोष्ट खरी. पण तो न फुटतां चालतो तेव्हां गाडी हलकी होते, यंत्र खिळखिळें होत नाहीं आणि वेग वाढवितां येतो. तेव्हां टाकून द्यावयाची ती कल्पना नव्हे, सुधारावयाचें तें कापड व रबर. चारच वर्षांनीं, १८९९ सालीं, कामीय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें विजेवर चालणारी गाडी तासाला शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवडविली, ती मिशेलें यांच्या हवेच्या टायरांवरच.

यापुढचीं पंचवीस वर्षें मुख्यतः सुधारणेचीं होतीं. आरंभीं टायरच्या पोटांत आडव्या-उभ्या धाग्यांचें साधें कापड असे. चाक फिरतांना ते धागे एकमेकांना करवतीसारखे कापीत आणि टायर आंतूनच मरे. कापडाऐवजीं एकाच दिशेनें जाणारे दोरे रबरांत बुडवून थरावर थर बसविण्याची रीत आली, तेव्हां हें दुखणें बरेंच कमी झालें. त्या काळचे टायर पांढुरके असत, कारण रबरांत जस्ताची भस्म मिसळीत. लंडनमधील सिल्व्हरटाउन येथील कारखान्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असें आढळून आलें, कीं काजळी मिसळली तर रबर पुष्कळच चिवट होतें. आज टायर काळा असतो, तो शोभेकरितां नव्हे. त्याचें आयुष्य त्या काजळींत आहे.

याच काळांतील आणखी एक आठवण मराठी घरांत रोज उच्चारली जाते, पण तिचें मूळ कोणास ठाऊक नसतें. प्रथमच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झालें कीं भर रस्त्यांत टायर उतरवून ठिगळ लावावें लागे. वेल्समधील लनेली गांवच्या डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास, पंक्चर झालेल्या चाकालाच कडेनें अडकवितां येईल असें हवा भरलेलें तयार कडें विकण्यास काढलें. त्यांचें दुकान ज्या रस्त्यावर होतें, त्याचें नांव स्टेपनी स्ट्रीट. ती वस्तु केव्हांच नाहींशी झाली, पण मुंबईचा टॅक्सीवाला काय किंवा कोल्हापूरचा मेकॅनिक काय, गाडीच्या पांचव्या चाकाला अजून ‘स्टेपनी’च म्हणतो.

लहान मोटारीचा खरा संसार सुरू झाला तो १९२२ सालीं, ऑस्टिन सेव्हन या गाडीनें. सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ली एज नांवाच्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलास हाताशीं धरून ती आंखली. मध्यम स्थितींतील कुटुंबाला मोटारसायकलच्या बाजूच्या टोपलींतून बाहेर काढून चार चाकांवर बसवावें, हा तिचा हेतु. १९३९ पर्यंत या गाड्या तीन लाखांच्या जवळपास निघाल्या. तिचे पहिले टायर बाहेरून सव्वीस इंच व्यासाचे, पण जेमतेम तीन इंच रुंदीचे होते. म्हणजे सायकलच्या थोरल्या भावंडासारखे. चालकांना ते चिखलांत बरे वाटत, कारण अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण जमिनीपर्यंत पोंचतो. परंतु दाब भारी ठेवावा लागत असल्यानें अंग ठेंचून निघे. त्याच सुमारास, १९२३ पासून, अमेरिकेंतून कमी दाबाचे फुगीर टायर आले. त्यांनीं प्रवास मऊ केला, पण नवीच तक्रार निर्माण केली. विशिष्ट वेगाला पुढचीं चाकें थरथरूं लागत आणि सुकाणूं हातांत नाचूं लागे. टायर बदलला म्हणजे केवळ टायर बदलत नाहीं, सारी गाडी बदलते. हा धडा चालकांनीं आधीं शिकविला आणि कारखानदार मागाहून शिकले.

दुसऱ्या महायुद्धानें टायरची किंमत लोकांस निराळ्या रीतीनें कळली. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया घेतला, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज गेलें, आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक सारा पुरवठा तुटला. अमेरिकेंत त्या वर्षीं जानेवारींतच टायर शिधापद्धतीनें मिळूं लागले आणि पुढें साऱ्या देशांत तासाला ३५ मैलांची वेगमर्यादा घालण्यांत आली. ती पेट्रोल वांचविण्याकरितां आहे असा लोकांचा समज झाला, पण मुख्य हेतु रबर वांचविण्याचा होता, कारण वेग वाढला कीं टायर तापतो आणि झीज भराभर वाढते. इकडे त्रावणकोर-कोचीनकडील रबराच्या मळ्यांना अनपेक्षित महत्त्व आलें. एका पिढीला हें कायमचें कळून चुकलें, कीं टायर किती मैल जाईल हें कारखान्यांत जितकें ठरतें, तितकेंच चालकाच्या उजव्या पायाखालीं ठरतें.

आतां त्या शोधाकडे वळावयास हवें, ज्यानें चालकांचे दोन तट पाडले. फ्रान्समधील क्लेरमों-फेराँ येथील मिशेलें कारखान्यांत मारियस मिन्योल नांवाचा एक संशोधक होता. मोठ्या पदव्या त्याच्यापाशीं नव्हत्या. कारखान्यांत तो प्रथम आला तो छापखान्याच्या कामावर. टायर तापतो कोठें, हें शोधण्याकरितां त्यानें एक विचित्र टायर करविला, ज्याच्या कडांमध्यें विरळ पोलादी तारांखेरीज जवळजवळ कांहींच नव्हतें. कामगार त्याला माशा पकडण्याचा पिंजरा म्हणून हंसत. त्या पिंजऱ्यानें रहस्य उलगडलें. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, फुली पडेल असे घातलेले असत. कापड तिरपें ओढलें तर तें ताणतें, हें कोणतीहि शिवणकाम करणारी गृहिणी जाणते. तसाच हा टायर जमिनीला टेकला कीं तिरपे थर कात्रीच्या पात्यांप्रमाणें एकमेकांवर घसरत, त्यांतून उष्णता निघे आणि तळवा चुरगळे. मिन्योलच्या रचनेंत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, चाकाच्या त्रिज्येच्या दिशेनें जात, आणि तळव्याखालीं पोलादी तारांचा एक कमरपट्टा बसविलेला असे. कड मऊ, तळवा ताठ. अशाच कल्पनेचें एक पेटंट इंग्लंडांत १९१३ च्या सुमारास घेतलें गेलें होतें. पण टॉम्सनप्रमाणें तेंहि वेळेआधींच जन्मलें. मिशेलें यांनीं ४ जून १९४६ रोजीं पेटंट घेतलें आणि १९४९ पासून ‘एक्स’ या नांवानें हा टायर विकण्यास काढला. आपल्याकडे यालाच रेडियल म्हणतात. आणि जुन्या तिरप्या दोऱ्यांच्या टायरला बाजारांत ‘नायलॉन’ हें नांव पडलें, जरी नायलॉनचे दोरे दोन्हींत असूं शकतात.

युरोपांतील चालकांनीं या दोहोंची जी तुलना केली ती वाचण्यासारखी आहे, कारण तींत स्तुति व निंदा दोन्ही खऱ्या होत्या. नव्या टायरचें आयुष्य जुन्याच्या सुमारें दुप्पट भरे. तो कमी तापे, म्हणून पेट्रोल थोडें वांचे. ओल्या वळणावर त्याचा तळवा जमिनीला सपाट चिकटून राही. पण तक्रारीहि होत्या. गाडी उभी करतांना सुकाणूं जड लागे. दगडी फरशीवर मंद गतीनें जातांना खडखड जास्त होई. जुना टायर घसरूं लागला तर आधीं कुरकुर करून इशारा देई आणि हळूहळू सरके. नवा पुष्कळ वेळ धरून राही, पण सुटला तर एकदम सुटे. शिवाय त्याची कड जात्याच थोडी फुगलेली दिसे. पेट्रोलपंपावरील माणसाला वाटे हवा कमी आहे, म्हणून तो जास्त भरी. मग टायर मधोमध झिजे, आणि मालक म्हणे कीं हा टायर फसवा आहे. येथें टायरचा दोष कोणता, डोळ्याचा कोणता आणि सवयीचा कोणता, हें वेगळें काढणें भाग होतें. खडखडीची तक्रार तर बऱ्याच अंशीं गाडीचीच होती. तिच्या कमानी जुन्या मऊ टायरला धरून बसविलेल्या होत्या.

लहान गाडीच्या टायरांची सर्वांत कठीण परीक्षा घेतली ती इंग्लंडांतील ‘मिनी’नें. ॲलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही गाडी १९५९ च्या ऑगस्टमध्यें बाहेर पडली. दहा फूट लांबींत चार माणसें व त्यांचें सामान बसवावयाचें, म्हणजे चाकांना जागा कोठून आणावी? त्यांनीं डनलॉप कंपनीकडून दहा इंची चाकाचा टायर करवून घेतला. तेवढें लहान चाक मोटारीला पुरेल यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. अडचण गणिताची होती. ऑस्टिन सेव्हनचा सव्वीस इंची टायर एका किलोमीटरला पांचशेंहून कमी फेरे घेई. मिनीचा टायर बाहेरून सुमारें वीस इंच, म्हणून त्याला त्याच किलोमीटरला सव्वासहाशें फेरे पडत. जितके फेरे अधिक, तितक्या वेळां टायरचा प्रत्येक भाग दबे आणि उसळे. त्यांतच मिनीचें यंत्र पुढच्या चाकांना ओढी. सुकाणूं पुढें, जोर पुढें, ब्रेकचा मोठा भार पुढें. तेव्हां पुढचे टायर मागच्यांच्या मानानें लौकर उतरत. मागच्या चाकांनीं ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांची संवय असलेला चालक हें पाहून टायरवाल्याला दोष देई. ठराविक अंतरानंतर पुढचे टायर मागें आणि मागचे पुढें करावेत हा नियम तेव्हांपासून लहान गाडीच्या मालकाला घरोघर पाठ झाला.

या संक्रमणाच्या काळांतच एक घातक चूकहि पुष्कळांच्या हातून घडे. चारही टायर एकदम बदलणें परवडत नाहीं, म्हणून कित्येक जण दोनच रेडियल घेत आणि ज्या चाकांनीं गाडी वळते त्या पुढच्या चाकांना ते लावीत. सरळ रस्त्यावर कांहीं कळत नसे. ओल्या वळणावर मात्र पुढचीं चाकें जमिनीला घट्ट धरून राहत, मागचीं सुटत, आणि गाडी भोंवऱ्यासारखी फिरे. म्हणून ब्रिटनमध्यें पुढें रेडियल व मागें तिरप्या दोऱ्यांचे टायर घालण्यास कायद्यानेंच बंदी आली. काटकसर करणारा माणूस मूर्ख नव्हता. दोन चांगले टायर मिळून अर्धी सुरक्षितता मिळेल असा त्याचा हिशेब होता. पण चार चाकांची सुरक्षितता अशी चौथाईनें विकत मिळत नाहीं.

लोकांच्या अनुभवाला कायद्याच्या दरबारांत उभें राहण्याची पाळी आली ती अमेरिकेंत. तेथें रेडियल उशिरा पोंचला. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या मासिकानें १९६८ सालीं त्याची सरसता मान्य केल्यावर मागणी वाढली. फायरस्टोन कंपनीचा ‘५००’ नांवाचा रेडियल मोठ्या प्रमाणावर खपला आणि मग त्याचा पोलादी पट्टा आंतील थरापासून सुटतो अशा तक्रारी येऊं लागल्या. सरकारच्या वाहनसुरक्षा खात्यानें हजारों मालकांना प्रश्नपत्रिका पाठविल्या. उत्तरें थोड्यांचींच आलीं. कंपनीचें म्हणणें असें, कीं ज्याचा टायर फुटला तोच पत्र लिहितो, ज्याचा नीट चालला तो लिहीत नाहीं. शिवाय लोक हवा कमी ठेवतात, त्याला टायर काय करील? युक्तिवादांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु हवा कमी ठेवणारे लोक इतर कंपन्यांचे टायरहि वापरीत होतेच. त्यांच्या मानानें या एका टायरविषयींच्या तक्रारी इतक्या अधिक कां, या प्रश्नाला त्यांत उत्तर नव्हतें. अखेर १९७८ सालीं कंपनीला लक्षावधी टायर परत घ्यावे लागले. तोंवर जीवितहानि झालेली होती. विखुरलेल्या तक्रारी वेळेवर एकत्र करून इतरांशीं ताडल्या असत्या, तर ती कमी झाली असती.

आपल्याकडील अनुभव निराळ्या मातींत वाढला. बंगालमधील साहागंज येथें डनलॉपचा कारखाना १९३६ सालीं सुरू झाला. पुढें मुंबईंत सिएट आणि मद्रासेंत एम. आर. एफ. यांचे कारखाने निघाले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघणारी फियाट आणि पुढें तिचेंच पद्मिनी झालेलें रूप, हें कित्येक दशकें मुंबईच्या मध्यमवर्गाचें व टॅक्सीवाल्याचें वाहन होतें. तिचा चौदा इंची नायलॉन टायर ओबडधोबड रस्ता सोशी, कडेला दगड लागला तरी सहज फाटत नसे, आणि झिजल्यावर त्याच्यावर नवें रबर चढवून घेतां येई. या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकीं शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून निघाली. तिच्या चालकांना रेडियलविषयीं वाटणारा अविश्वास अडाणीपणाचा नव्हता. मऊ कडेचा टायर खडीच्या रस्त्यावर, भरपूर ओझें घालून चालविला तर कड कापली जाते, हें त्यांनीं पाहिलें होतें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी, बारा इंची चाकांची ही हलकी गाडी घरोघर गेली. रस्ते सुधारले, वेग वाढले, आणि शतकाच्या अखेरीपर्यंत लहान मोटारींत रेडियलचें राज्य स्थिर झालें. अनुभव बदलला तो टायर बदलल्यामुळें जितका, तितकाच रस्ता बदलल्यामुळें.

टाटांची नॅनो २००९ सालीं आली, तेव्हां तिच्या मालकांना एक आश्चर्य दिसलें. तिचे पुढचे टायर अरुंद आणि मागचे रुंद होते. यंत्र मागें असल्यानें भार मागें, म्हणून तळहातहि मागें मोठा. त्यामुळें पुढचे-मागचे टायर अदलाबदल करण्याचा मारुतीवर शिकलेला नियम नॅनोला लागूं पडेना. एका गाडीवरचें शहाणपण दुसरीवर जसेंच्या तसें चालत नाहीं, याचें इतकें सोपें उदाहरण दुसरें नसेल.

आज हा विषय महाराष्ट्रांत पुन्हां जिवाशीं येऊन ठेपला आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि थोड्याच दिवसांत टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा घराघरांत होऊं लागली. सिमेंटचा रस्ता टायर खातो, असें सरसकट बोललें गेलें. पण गांवच्या रस्त्यावर चाळीसच्या गतीनें, थांबत थांबत जाणारा जुना टायर जी हवेची उणीव मुकाट्यानें सोशीत आलेला असतो, तीच उणीव विदर्भाच्या उन्हांत सलग दोन तास ताशीं शंभरच्या वेगानें त्याला सोसत नाहीं. हवा कमी, म्हणून कड अधिक वांकते. अधिक वांकते, म्हणून तापते. तापलेलें रबर थरांपासून सुटूं लागतें. म्हणूनच परिवहन खात्याच्या अधिकाऱ्यांनीं पुढें महामार्गाच्या तोंडाशीं गाड्यांचे टायर तपासण्यास आरंभ केला. नियमाप्रमाणें मोटारीच्या टायरचे खांचे १.६ मिलिमीटरपेक्षां उथळ झाले कीं तो टायर टाकावा. तेवढें मोजण्याकरितां खांच्यांच्या तळाशीं लहान उंचवटेहि ठेवलेले असतात. पावसाळ्यांत याच खांच्यांतून पाणी वाट काढतें. ते भरून आले कीं गाडी रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालते. टायरच्या कडेवर चार आंकडे उठविलेले असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढले दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. उभ्या गाडीचा टायर नवा दिसतो, पण रबर वयानें कडक होतें, हें हे आंकडे सांगतात.

तेव्हां शेजारच्या गृहस्थानें एखाद्या टायरची वाखाणणी केली किंवा नालस्ती केली, तर ती ऐकूं नये असें नव्हे. ऐकावीच, पण जुने वैद्य रोग्याला विचारीत तसे चार प्रश्न विचारून ऐकावी. गाडी कोणती, आणि टायर पुढचा कीं मागचा? ओझें किती, आणि हवा कोणी, केव्हां, थंड टायरांत मोजली कीं तापलेल्यांत? रस्ता कोणता, घाटाचा, शहराचा कीं महामार्गाचा? आणि चालविणारा कोण, सांभाळून जाणारा कीं वळणावर ब्रेक दाबणारा? या चार प्रश्नांचीं उत्तरें जुळलीं तरच दोन अनुभवांची तुलना होते. नाहीं तर डनलॉपच्या अंगणांत एक चाक उतारावर आणि दुसरें चढावर सोडण्यासारखेंच तें होईल.

टॉम्सनचा चांगला अनुभव लोकांनीं विसरून टाकला, मिशेलें बंधूंनीं आपला वाईट अनुभव जपून ठेवला, आणि अमेरिकेंतील मालकांचे अनुभव वेळेवर कोणी एकत्र केले नाहींत. हे तिन्ही धडे एका लहान गाडीच्या मालकाला उपयोगी आहेत. त्याला शोध लावावयाचे नाहींत. महिन्यांतून एकदां, सकाळीं टायर थंड असतांना, हवेचा दाब मोजावा, स्टेपनीलाहि विसरूं नये, आणि खांच्यांवरून बोट फिरवून पाहावें, एवढें त्याच्या हातीं आहे. दहा मिनिटांचें हें काम. घरचीं माणसें मागच्या बैठकीवर निर्धास्त झोंपतात, तीं या चार तळहातांवर.